नारिंगी रंगाचा निकाल

मार्च १८८६. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. जन्म कल्याणचा, माहेरचं नाव यमुना, वय एकविसाला टेकलेलं. त्याच वर्षी क्योनिग्सबर्ग शहरात माक्स याफे नावाच्या प्राध्यापकाने एक रासायनिक गंमत छापली. लघवीत पिक्रिक आम्ल आणि थोडा अल्कली मिसळला की मिश्रण नारिंगी-तांबूस होतं, आणि हा रंग धरणारा पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन. कल्याणच्या डॉक्टरणीने याफेचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण आज ठाण्यात किंवा डोंबिवलीत मोठ्या ऑपरेशनआधी जो रिपोर्ट हातात पडतो, त्यावर क्रिएटिनिनची ओळ असतेच, आणि कित्येक यंत्रं ती अजून याफेच्याच रंगावर मोजतात.

आनंदीबाई पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवला होता. मात्र रुग्ण यातून उठेल की नाही हे रक्ताला विचारावं, अशी सोय ना वैद्याकडे होती ना डॉक्टरकडे. नाडी, जीभ, डोळ्यांचा रंग आणि गाठीचा अनुभव, एवढ्यावर भाकीत चाले.

दहा वर्षांनी हेच भाकीत सरकारी झालं, तेही कल्याणच्याच फलाटावर. मुंबईत १८९६ साली प्लेग फुटला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. मुंबईहून निघालेल्या गाड्या कल्याणला थांबवून प्रवाशांना उतरवत. अंगाला ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे हाताने चाचपून ठरे आणि संशयित बाजूला काढला जाई. परक्या हाताचा हा स्पर्श लोकांना किती झोंबला, हे त्या वर्षाच्या पुण्याच्या इतिहासात वाचायला मिळतंच. याच १८९७ साली पोलंडमध्ये एडमुंड बिएर्नाट्स्की नावाचा डॉक्टर काचेच्या नळीत रक्त उभं ठेवून लाल पेशी किती वेगाने तळाला बसतात ते पाहत होता. आजारी माणसाच्या रक्तात त्या लवकर खाली येतात, असं त्याने दाखवलं. पुढे १९१८ साली फोरेउसने आणि १९२१ साली वेस्टरग्रेनने ती तपासणी घडवली. मराठी घरांत तिला ‘ईएसआर’ म्हणतात. एक काळ असा होता की ‘ईएसआर वाढलाय’ हे वाक्य कानावर पडलं की सगळ्यांच्या मनात आधी टीबीच यायचा.

कल्याण-ठाण्याचं आरोग्य आणि मुंबईचं परळ यांना रेल्वेने बांधून ठेवलं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्यालाच येऊन थांबली, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. परळला १८९९ साली हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा आली, १९२६ साली केईएम रुग्णालय. तेव्हापासून ‘परळला न्या’ हा या पट्ट्यातल्या डॉक्टरांचा शेवटचा सल्ला होऊन बसला. त्यात काळजी असे आणि थोडी हतबलताही.

महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघून छाती-पोटातून खाली उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, गोष्ट इथूनच मराठी मुलखात शिरते. केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन या सर्जनने छातीच्या शस्त्रक्रियेची पिढी घडवली. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण त्यांनी केलं, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण त्यांचं चिकाटीचं काम वेगळ्याच आजारावर होतं. महाधमनीच्या भिंतीला सूज येते, ती जाड होते, कुठे आवळते, कुठे फुगते. जपानमध्ये मिकिटो ताकायासू या नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली डोळ्याच्या पडद्यावरची त्याची खूण नोंदवली होती. आपल्याकडे हा आजार बहुधा पोटातल्या महाधमनीवर बसतो आणि रुग्ण अनेकदा तरुण बाई असते, रक्तदाब भलताच वाढलेली. सेन, किनरे, परुळकर आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली त्यावर निबंध लिहिला. १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आख्खं पुस्तक मुंबईतून निघालं. किनरे पॅथॉलॉजिस्ट, परुळकर सर्जन. एका बाजूला कापणं, दुसऱ्या बाजूला कापलेलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ही जोडी जमली म्हणून हे काम झालं.

इथे ईएसआरचं मोल कळतं. सुजलेल्या भिंतीवर घातलेला टाका धरत नाही. जोड उसवतो, किंवा तिथेच नवा फुगा येतो. म्हणून रुग्णाचा ईएसआर चढलेला असेल तर सर्जन शक्यतो थांबतात, औषधांनी सूज उतरवतात आणि मग चाकू उचलतात. शंभर वर्षांपूर्वीची, काही पैशांत होणारी, एका तासात निकाल देणारी नळी महाधमनीवरच्या ऑपरेशनचं भवितव्य सांगते, हे ऐकायला फार छान वाटतं. ती फसवतेसुद्धा. ईएसआर नॉर्मल असताना ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यात सूज सापडल्याच्या नोंदी पुढे अमेरिकेतही झाल्या.

म्हातारपणी येणारा फुगा वेगळा. सिगारेट, रक्तदाब, घराण्यातली खोड अशी कारणं, आणि बहुतेक रुग्ण पुरुष. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. ती साडेपाचापर्यंत गेली की पुरुषांमध्ये ऑपरेशनचा विचार होतो. अल्बर्ट आइन्स्टाइनच्या पोटातल्या अशाच फुग्याला १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्यावर ते १९५५ पर्यंत जगले आणि अखेर तो फुटूनच गेले. पूर्ण फुगा काढून तिथे दुसरी नळी बसवणं १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांना साधलं. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोट न उघडता जांघेतून नवी नळी आत सरकवून बसवली.

उघड्या ऑपरेशनमध्ये महाधमनीला चिमटा लावून रक्त रोखतात. चिमटा मूत्रपिंडांच्या वर बसला तर तेवढा वेळ मूत्रपिंडं कोरडी पडतात. पारोदींच्या पद्धतीत चिमटा नाही, पण रक्तवाहिनी दिसावी म्हणून सोडलेला रंग मूत्रपिंडांनाच गाळावा लागतो. दोन्ही वाटांनी ओझं तिथेच, आणि मूत्रपिंडांचं काम क्रिएटिनिनवरून कळतं, म्हणून याफेची नारिंगी छटा पुन्हा मधोमध. ऑपरेशनआधी क्रिएटिनिन चढलेलं असेल तर धोका चढतो, आणि ऑपरेशननंतर दोन दिवसांत ते वर गेलं तर अतिदक्षता विभागातले चेहरे बदलतात.

ठाणे-डोंबिवलीत ही आकडेमोड कुठे होई? स्टेशनजवळच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, बाहेर ‘रक्त-लघवी तपासून मिळेल’ अशी पाटी. आत साहलीची नळी: रक्तात आम्ल घालायचं, थेंब थेंब पाणी वाढवायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की हिमोग्लोबिनचा आकडा वाचायचा. एका डोळ्याला अकरा दिसे, दुसऱ्याला साडेअकरा. चौकोन आखलेल्या काचेवर पांढऱ्या पेशी मोजायच्या. रिपोर्ट हाताने लिहिलेला, ‘संध्याकाळी या’. या धंद्यात डीएमएलटी झालेल्या तंत्रज्ञांचा वाटा मोठा, आणि रिपोर्टवर सही कोणाची हा वादही तितकाच जुना. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सांगितलं.

मधल्या काळात भूगोल उलटला. भाभा अणुसंशोधन केंद्रात थायरॉइडवर काम केलेल्या वेलुमणींनी १९९६ साली थायरोकेअर काढली आणि देशभरातल्या नळ्या रातोरात एका जागी आणून तपासायचा धंदा उभा केला. पुढे त्याचं मोठं केंद्र तुर्भ्याला वसलं, ठाणे जिल्ह्यात. ज्या जिल्ह्यातले रुग्ण परळला जात, तिथे आता विमानाने रक्त येऊ लागलं. कळव्यात १९९२ पासून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ठाण्यात २००७ साली ज्युपिटर रुग्णालय उभं राहिलं. ‘परळला न्या’ हा सल्ला मात्र पुरता संपलेला नाही.

रक्तातून निकाल वाचायची हौस वाढतच गेली. सूज सांगणारा सीआरपी १९३० सालचा, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन त्यामानाने नवं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिजन अभ्यासात हृदयाव्यतिरिक्तच्या ऑपरेशननंतर १५,१३३ जणांचं ट्रोपोनिन पाहिलं गेलं. पहिल्या तीन दिवसांत ते जितकं वर, तितका महिन्याभरातला मृत्यूचा धोका जास्त.

फुगा फुटून आलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या हार्डमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पाच खुणा निवडल्या: वय ७६ च्या वर, क्रिएटिनिन १९० मायक्रोमोलच्या वर, हिमोग्लोबिन नऊच्या खाली, ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण, आणि रुग्णालयात आल्यावर शुद्ध हरपणं. पाचांतल्या दोन खुणा साहलीच्या नळीच्या आणि याफेच्या जमान्यातल्या. हार्डमन यांच्या रुग्णांत तीन किंवा जास्त खुणा असलेला एकही वाचला नाही. काही ठिकाणी हा आकडा ‘ऑपरेशन करू नका’ असा वाचला जाऊ लागला. पुढे इतर रुग्णालयांनी आपापले कागद तपासले, तेव्हा तीन खुणा घेऊन आलेले आणि चालत घरी गेलेले रुग्ण त्यांत सापडले.