हौदातले डॉल्फिन आणि बदलत्या सबबी

फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टिन शहराच्या दक्षिणेस, अटलांटिकच्या ऐन किनाऱ्यावर, १९३८ साली 'मरीन स्टुडिओज' नावाची जी संस्था उघडली, तिच्या संस्थापकांत कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी या धनाढ्याच्या जोडीला कादंबरीकार टॉलस्टॉय यांचे नातू इलिया टॉलस्टॉय हेही होते. आणि या मंडळींचा मूळ बेत जलक्रीडेचा नव्हे, तर सागरतळाची दृश्ये चित्रपटांसाठी टिपण्याचा होता. समुद्राचे पाणी खेळविलेल्या प्रचंड हौदांच्या भिंतींत गवाक्षे ठेवली, त्यांतून कॅमेरे रोखले. प्रेक्षक मात्र आले ते लोटच्या लोट, आणि चित्रपटाची सबब मागे पडून डॉल्फिनच्या कसरती हाच मुख्य व्यवसाय होऊन बसला.

'फ्लिपर' चित्रपटाने (१९६३) आणि त्याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेने या प्राण्यास घरोघरी पोहोचविले. मालिकेतील डॉल्फिनांचे शिक्षक रिक ओबॅरी हे त्यांतली कॅथी १९७० साली दगावल्यावर या धंद्याचे कट्टर विरोधक झाले, हे धंदेवाल्यांना सोयीचे नव्हते; पण लोकांची हौस त्याने ओसरली नाही.

१९८०च्या दशकात फ्लॉरिडा कीज बेटांवर शुल्क भरून डॉल्फिनसह पोहण्याची प्रथा रुजली. पाहुणा पाण्यावर पालथा पडतो, दोन डॉल्फिन त्याच्या तळपायांना तोंडे टेकवून त्याला वेगाने पुढे रेटतात, शिट्टी वाजते, आणि बादलीतली मेलेली मासळी मजुरीदाखल त्यांच्या जबड्यात पडते. डॉल्फिन हसतो आहे, अशी पाहुण्याची खात्री असते. वस्तुतः ते हास्य जबड्याच्या घडणीचे असून मेलेल्या डॉल्फिनच्या मुखावरही ते तसेच राहते. खुल्या समुद्रात डॉल्फिन कधीकधी आपण होऊन माणसाजवळ येतो हे खरे. परंतु तेथे त्याला निघून जाण्याची मुभा असते, आणि माझ्या मते सारा नीतिप्रश्न त्या मुभेपाशीच येऊन ठेपतो.

अमेरिकन सरकारला हे अगदीच कळले नव्हते असे नाही. १९९४ मध्ये या पोहण्याची देखरेख मत्स्यखात्याकडून शेतकी खात्याकडे गेली. त्या खात्याने १९९८ साली नियम केले, त्यांत डॉल्फिनला माणसापासून दूर सरण्यासाठी राखीव जागा असावी असे कलमही घातले, आणि पुढच्याच वर्षी त्या नियमांचा अंमल तहकूब केला.

मागणी वाढली तसा पुरवठाही दूरदूरच्या समुद्रांतून होऊ लागला. सॉलोमन बेटांजवळ पकडलेले अठ्ठावीस डॉल्फिन २००३ साली विमानाने मेक्सिकोतील कॅन्कूनला गेले, आणि २००७ मध्ये तितकेच दुबईच्या एका आलिशान हॉटेलात पोहोचले. करमणुकीबरोबर आता शिक्षण, संशोधन, रोगोपचार असे भारदस्त शब्द जाहिरातींत येतात. सबबी बदलल्या, हौद तोच राहिला.

आपल्याकडे चेन्नईजवळ १९९८ साली बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मरण पावले. तरीही महाराष्ट्रासह काही राज्यांत डॉल्फिनगृहांच्या तजविजी चालल्याच होत्या. अखेर मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून त्यांस मनाई केली. म्हणून आता आपली माणसे ही हौस भागविण्यास परदेशी जातात. दुबईच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हाती आली, की तीत डॉल्फिनबरोबर पोहण्याची जी ओळ असेल ती वाचकाने स्वहस्ते खोडावी.