साठीचा मुष्टियोद्धा आणि त्याचे प्रेक्षक

‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण अमेरिकेतील लोकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि सिल्व्हेस्टर स्टॅलोन हा नट साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा मुष्टियोद्ध्याच्या वेषात रिंगणात उतरणार, ही वार्ता पसरली तेव्हा तेथे निघालेले उद्गार नेमके याच आशयाचे होते. ‘रॉकी बाल्बोआ’ हा त्या मालिकेतील सहावा चित्रपट. पाचवा १९९० सालचा. म्हणजे मध्ये सोळा वर्षांचा खंड. शिवाय त्या पाचव्याने प्रेक्षकांची निराशाच केली होती आणि खुद्द स्टॅलोननेही पुढे त्याविषयी असमाधान बोलून दाखविले. लोक हसले यात नवल ते कसले?

मूळ ‘रॉकी’ची (१९७६) गोष्ट वेगळी. २४ मार्च १९७५ रोजी चक वेपनर नावाच्या, मद्यविक्रीवर पोट भरणाऱ्या मुष्टियोद्ध्याने साक्षात महंमद अली यांच्यापुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकाव धरला. ती झुंज पाहून स्टॅलोनने अवघ्या काही दिवसांत पटकथा लिहिली. तीतील नायक शेवटी हरतो. तरी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्करही त्यालाच मिळाले. वेपनर मात्र २००३ साली आपल्या जीवनकथेचा मोबदला मागत न्यायालयात गेले. २००६ साली, म्हणजे सहावा चित्रपट पडद्यावर येण्याच्या सुमारास, तो दावा आपसात मिटला. वकिलाला हा योगायोग विसरवत नाही.

सहाव्या चित्रपटाचे पहिले प्रेक्षक तिकीट काढून आलेच नव्हते. ३ डिसेंबर २००५ रोजी लास व्हेगास येथे हॉपकिन्स आणि टेलर यांचा खराखुरा सामना होता. त्यासाठी जमलेल्या गर्दीसमोरच चित्रपटातील रिंगणप्रवेशाचे चित्रण झाले. स्टॅलोनला पाहताच त्या लोकांनी ‘रॉकी, रॉकी’ असा गजर केला. पैसे मोजून खरी झुंज पाहावयास आलेले हे लोक. नाटकी मुष्टियोद्ध्याची हुर्यो उडविणे त्यांना सहज शक्य होते.

२० डिसेंबर २००६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि थट्टेच्या तयारीने गेलेले अनेक समीक्षक निरुत्तर होऊन परतले. सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे ७ कोटी मिळविले. पत्नी निवर्तलेली, मुलगा दुरावलेला आणि स्वतःच्या उपाहारगृहात गिऱ्हाइकांना जुन्या झुंजी ऐकविणारा हा नायक लोकांना आपल्या घरातला वाटला. मुलाला तो रस्त्यावर चार खडे बोल सुनावतो, तो प्रसंग सर्वाधिक गाजला. मला स्वतःला परवाना मंडळासमोरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. शरीराच्या सर्व चाचण्या तो उत्तीर्ण होतो आणि तरीही मंडळ परवाना नाकारते. तेव्हा हा अल्पशिक्षित माणूस विचारतो ते एवढेच, की तुम्ही मागितले ते सारे मी दिले, मग आता आणखी काय मागता? कोणत्याही निष्णात वकिलाने याहून वेगळा युक्तिवाद केला नसता.

‘साठीत झुंज? अशक्य!’ हा आक्षेप अर्थातच राहिला आणि तो रास्तही आहे. जॉर्ज फोरमन यांनी १९९४ साली ४५ व्या वर्षी जगज्जेतेपद परत मिळविले होते खरे. पण पंचेचाळीस निराळे आणि साठ निराळे. हे स्टॅलोनलाही उमगले असावे. नायक जिंकतो असाही एक शेवट चित्रित करण्यात आला होता. चित्रपटात मात्र तो ठेवला नाही. पडद्यावर त्याला दोन पंच विरुद्ध एक अशी हार पत्करावी लागते, १९७६ साली पत्करावी लागली तशीच. फरक इतकाच, की या खेपेस निकाल पुकारला जात असताना तो रिंगणात उभाच नाही. प्रेक्षकांचे पुढे आलेले हात हातात घेत तो केव्हाच बाहेर पडू लागला आहे.

त्यानंतर नामावली सुरू होते, आणि तीत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या धावत चढणारी साधी माणसे दिसतात. पोरेसोरे, प्रौढ, धापा टाकणारी, वर पोहोचून हात उंचावणारी. ती नट नव्हेत. तीस वर्षे त्या पायऱ्यांवर येत राहिलेले प्रेक्षक आहेत.