सुवर्ण-अणुसमूह, लिगंडरक्षित
सोन्याच्या सुमारे दहा ते शंभर अणूंचा गाभा व त्याभोवती सेंद्रिय गटांचे आवरण असलेली संयुगे. धातूच्या अणूशी इलेक्ट्रॉनांच्या द्वारे जोडला जाणारा रेणू वा गट म्हणजे लिगंड. आवरण नसल्यास हे समूह एकमेकांस चिकटून साधे धातुरूप सोने बनते. आवरण केवळ संरक्षक आहे की बंधरचनेचाच भाग आहे, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या लवणाचे फॉस्फरसाने क्षपण करून माणकासारखे लाल कलिल मिळविले. कलिलातील कण सारख्या आकारमानाचे नसल्याने त्यांचे निश्चित रासायनिक सूत्र लिहिता येत नाही. मॅकपार्टलिन, मेसन व मालातेस्ता यांनी १९६९ मध्ये ११ सुवर्ण-अणू, ७ फॉस्फीन रेणू व ३ थायोसायनेट गट असलेल्या समूहाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. फॉस्फीनयुक्त सुवर्ण-संयुगाचे सोडियम बोरोहायड्राइडाने क्षपण करणे, ही अशा समूहांची रूढ कृती आहे.

सोन्याचा प्रत्येक अणू गाभ्यातील बंधांसाठी मुख्यतः एक इलेक्ट्रॉन देतो. ऋण गट त्यांपैकी प्रत्येकी एक बांधून ठेवतात. म्हणून वरील समूहात ११ वजा ३, म्हणजे ८ इलेक्ट्रॉन उरतात व ते साऱ्या गाभ्यात सामाईक असतात. मिंगोस यांनी १९७६ मध्ये सैद्धांतिक विचारांवरून १३ अणूंच्या विंशतिफलकी समूहाचे भाकीत केले. १९८१ मध्ये तसा समूह प्रत्यक्ष तयार झाला.

ब्रुस्ट, शिफ्रिन व सहकारी यांनी १९९४ मध्ये लिव्हरपूल येथे गंधकयुक्त थायॉलांचे आवरण असलेले, हवेत टिकणारे कण बनविण्याची सुलभ रीत दिली. मात्र ते निरनिराळ्या आकारमानांचे होते. आवरणाचा प्रश्न भारतातही अभ्यासिला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने चपटे, त्रिकोणी सुवर्णकण मिळविले. अर्कातील आल्डिहाइडे व कीटोने आधी बनलेल्या गोल कणांच्या पृष्ठभागास जोडली गेल्याने ते प्रवाहीसारखे होऊन एकत्र येतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे कण अणुसमूहांहून पुष्कळच मोठे असले, तरी आवरण निष्क्रिय नसते हे त्यांतूनही दिसते.

निर्णायक पुरावा २००७ मध्ये कॉर्नबर्ग यांच्या गटाने दिला. १०२ सुवर्ण-अणू व ४४ थायॉल गट असलेल्या समूहात गंधक पृष्ठभागावर नुसते बसलेले नसून, काही सुवर्ण-अणू गाभ्याबाहेर येऊन गंधकांच्या दरम्यान बांधले गेल्याचे आढळले. २००८ मध्ये उलगडलेल्या, २५ सुवर्ण-अणू व १८ थायॉल गटांच्या ऋणभारित समूहात १३ अणूंचा विंशतिफलकी गाभा असून उरलेले १२ अणू सहा कंसाकार साखळ्यांत आहेत. २५ मधून १८ वजा करून ऋणभाराचा १ मिळविल्यास येथेही ८ इलेक्ट्रॉन येतात. फॉस्फीन व थायॉल या भिन्न कुलांतील समूहांना एकच नियम लागू पडतो तो यामुळेच. आवरण हा समूहाच्या घटनेचाच भाग ठरतो.