पाळण्याशेजारचे मुंगूस

मुलांच्या चित्रपुस्तकांची चळत उपसली तर एक जोडी त्यात हटकून सापडते. एक लहान मूल आणि चारचौघांच्या घरी न आढळणारा त्याचा सोबती. कुणाकडे हत्तीचे पिल्लू असते, कुणाकडे माकड, तर कुणाकडे चक्क मगर! ही सारी साहेबाच्या देशातून आलेली कल्पना, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः या जोडीची एक फार जुनी आणि फार दूरवर हिंडून आलेली गोष्ट आपल्याच घरची आहे. पंचतंत्रातील ब्राह्मणी, तिचे तान्हे मूल आणि तिने पाळलेले मुंगूस यांची ती गोष्ट.

गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. तरीही ती पुन्हा सांगण्यात एक हेतू आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता केलेले काम. पूर्णभद्र नावाच्या जैन मुनीने 1199 साली सिद्ध केलेल्या पाठात ती अशी येते. देवशर्मा ब्राह्मणाच्या घरी मुलगा जन्मतो. त्याच सुमारास एक मुंगशी पिल्लाला जन्म देऊन मरते. ब्राह्मणी त्या पोरक्या पिल्लाला पोटच्या पोराप्रमाणे वाढवते. मात्र जनावराच्या जातीचा भरवसा काय, ही शंका तिच्या मनातून जात नाही. एके दिवशी मुलावर लक्ष ठेवा असे नवऱ्याला बजावून ती पाण्याला जाते. मागे नवराही भिक्षेला बाहेर पडतो. घरात साप शिरतो, मुंगूस त्याचे तुकडे करते आणि रक्ताळलेल्या तोंडाने, मोठ्या कौतुकाच्या आशेने, आईला सामोरे धावते. ती ते रक्त पाहते आणि भरलेली घागर त्याच्यावर घालते. आत जाऊन बघते तो मूल सुखरूप झोपलेले आणि शेजारी मेलेला साप.

मौज अशी की, नारायण पंडिताच्या हितोपदेशात हीच गोष्ट येते, पण तेथे बायको स्नानाला गेलेली असते, राजाकडचे श्राद्धाचे बोलावणे चुकू नये म्हणून मुंगसाला राखण ठेवून नवरा निघून जातो, आणि मुंगसाला मारतो तोही नवराच. एका ग्रंथात दोष आईच्या पदरी, तर दुसऱ्यात बापाच्या. पुढे ही गोष्ट जगभर हिंडली, तिथेही मारणारा हात बदलत राहिला. पाळण्यातले मूल मात्र कुठेच बदलले नाही.

पंचतंत्राचा आरंभ दक्षिण देशातील महिलारोप्य नावाच्या नगरात होतो. मी राहतो ते अंकुशनगर अंबड तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वसलेले. पैठणहून येणारी गोदावरी आमच्या जवळच्या शहागडावरून पुढे जाते. त्यामुळे महिलारोप्य म्हणजे आमचे पैठणच, असे ठोकून द्यावे असा मोह मला होतो. पण पंडितांचे त्यावर एकमत नाही, तेव्हा तो आवरलेला बरा. एवढे मात्र खरे की, ज्या गुणाढ्याने आपली बृहत्कथा रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकले, त्याची आख्यायिका पैठणच्या सातवाहन राजाशी जोडलेली आहे. त्याच बृहत्कथेचा वारसा सांगणारा कथासरित्सागर सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचला, आणि त्यातही आपले मुंगूस आहेच.

आता याचा प्रवास पाहा. सहाव्या शतकात इराणच्या खुश्रू अनुशीरवान बादशहाच्या पदरी असलेल्या बुर्झोय वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फाने ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते अरबीत आणले. तेथे ब्राह्मणाचा साधू झाला आणि मुंगसाच्या जागी त्याच्यासारखेच दिसणारे वीझल नावाचे लहान जनावर आले. युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये लियाँ शहराजवळच्या खेड्यांत तर या गिन्फोर नावाच्या कुत्र्याला लोकांनी संतपद देऊन टाकले! आजारी मुलांना घेऊन आया त्याच्या थडग्याशी जात. तेराव्या शतकात एका धर्माधिकाऱ्याने ते थडगे उकरून हाडे जाळविली, तरी श्रद्धा लवकर हटली नाही. वेल्समध्ये सापाचा लांडगा झाला आणि तेथील राजा लेवेलिनने आपला गेलर्ट नावाचा कुत्रा मारला असे सांगतात. त्याची समाधी आजही प्रवाशांना दाखवतात; ती मात्र अठराव्या शतकातल्या एका खानावळवाल्याच्या धंद्याच्या अकलेतून उभी राहिली, असे जाणकार म्हणतात.

चित्रांचे म्हणाल तर पंचतंत्राला चित्रांची सोबत पहिल्यापासून आहे. आठव्या शतकात लोकमहादेवी राणीने पट्टदकलला बांधविलेल्या विरूपाक्ष मंदिरात पंचतंत्रातील गोष्टी दगडात कोरल्या आहेत. वाचता न येणाऱ्या आयाबायांचे आणि पोरांचे हे चित्रपुस्तकच नव्हे काय? अकबराच्या काळात ‘अन्वारे सुहैली’ या फारसी अवताराची सचित्र पोथी 1570 साली तयार झाली. मराठीत छापखाना आला तेव्हा आरंभीच्या पुस्तकांतच या कथांना मान मिळाला. श्रीरामपूरला 1815 साली हितोपदेश आणि मुंबईत 1822 साली पंचोपाख्यान निघाले. पुढे 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, एक मूल जन्मले. त्याचे नाव रडयार्ड किपलिंग. त्याच्या 1894 सालच्या ‘जंगल बुक’मध्ये टेडी नावाचा मुलगा आणि रिक्की-टिक्की-टाव्ही हे मुंगूस भेटते. त्या पुस्तकाच्या चित्रकारांत त्याचे वडील लॉकवुडही होते. ते त्याच कलाशाळेत शिकवीत असत. किपलिंगचे मुंगूस नागाला मारते आणि घरभर त्याचे कौतुक होते. घागर कोणी घालत नाही.

मुंगसाच्या अंगी असलेल्या या शौर्याचे कोडे आपल्या लोकांनी मुंगूसवेलीने सोडविले होते. साप चावला की मुंगूस ती वेल खाऊन येते, असे आमच्याकडे अजून सांगतात. शास्त्रज्ञांना आढळले ते निराळेच. नागाचे विष स्नायूंवर ज्या जागी जाऊन बसते, त्या जागेची घडणच मुंगसात वेगळी असते. म्हणून ते विष तेथे नीट धरत नाही. बाकीचे काम त्याची चपळाई करते. पण माणसापुढे ही चपळाई अपुरी पडली. मुंगसाच्या केसांचे कुंचले चांगले होतात म्हणून आजवर त्यांची अपार हत्या झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास आसरा दिला, तरी चोरटा व्यापार सरलेला नाही. मुलांसाठी गोंडस मुंगूस रंगवायचे, आणि ते मुंगूस मारून केलेल्या कुंचल्याने! याहून मोठे अपरीक्षितकारक कोणते?

अलीकडे एका आप्ताने माझ्या नातीला या गोष्टीचे एक देखणे चित्रपुस्तक भेट दिले. त्यात घागर मुंगसाच्या बाजूला पडते, ते नुसते घाबरते आणि शेवटी सारे मिळून लाडू खातात. मुलांना रडू येऊ नये हा त्यातला हेतू मला कळतो. तथापि माझे मत निराळे आहे, आणि ते बनले ते आमच्या उसाच्या फडात.

दिवाळी सरता सरता आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात दोघेही फडात उतरतात आणि तान्हे मूल बांधावर झोळीत किंवा पाचटावर वाकळ टाकून निजवतात. सोबतीला असलीच तर सहासात वर्षांची बहीण, नाहीतर टोळीबरोबर आलेले कुत्रे. पाचटात साप असायचेच. मोळी बांधता बांधता त्या बाईची मान दर थोड्या वेळाने बांधाकडे वळते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे. तेव्हापासून मला पंचतंत्रातील ब्राह्मणी उतावळी म्हणून दिसेनाशी झाली. पाणी भरणे टळत नव्हते, भिक्षा टळत नव्हती, आणि घरात तिसरे माणूस नव्हते. परत येताना तिच्या डोक्यावर घागर होती आणि मनात सकाळपासूनची भीती. पहिल्यांदा पडली ती भीती, घागर मागाहून.

पूर्णभद्राच्या पाठात ती बाई नवऱ्याला स्पष्ट सुनावते की, तुम्ही लोभापायी घर सोडलेत, त्याचे हे फळ. आपल्या शाळकरी तात्पर्यात हे वाक्य गळून गेले आणि ‘अविचार करू नये’ एवढेच उरले. तात्पर्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मूल कोणाच्या भरवशावर ठेवावे लागते, हा प्रश्न त्या गोष्टीत आहे. आणि साखरशाळा व पाळणाघरे यांची चर्चा अजून करावी लागते, त्या अर्थी तो जुना झालेला नाही.

म्हणून गोष्टीचा शेवट बदलू नये असे मला वाटते. नातीला मी मूळचा शेवट सांगितला. ती रडली, आणि थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, बाळाला घेऊनच पाण्याला का नाही गेली ती?” पंडितांच्या साऱ्या पाठांत हा प्रश्न मला कोठे आढळला नाही. लाडवांचा शेवट वाचून तो तिला सुचला असता असे मला वाटत नाही. यंदा घरी मुले जमली म्हणजे वाचकांनी ही गोष्ट त्यांना पुरी सांगावी, आणि नंतर त्यांचे प्रश्न घाई न करता ऐकावेत.