ओल्या पोशाखाची ऊब

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेस पसरलेल्या महासागराला प्रशांत असे सौम्य नाव मिळाले असले, तरी तेथील पाणी भर उन्हाळ्यातही १५ अंश सेल्सिअसच्या वर फारसे चढत नाही. आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे, फळीवर आडवे पडून लाटांना सामोरे जाणारा तरुण, अंगात कितीही उमेद असली तरी, थोड्याच वेळात दात वाजवीत किनाऱ्यावरच्या शेकोटीकडे परते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराच्या बुडी मारणाऱ्या जवानांपुढे हेच संकट अधिक उग्र रूपाने उभे राहिले. त्यावर तोवरचा इलाज एकच होता: आत लोकरीचे कपडे, वर अभेद्य रबर, आणि पाण्याचा एक थेंबही अंगाला लागू नये असा कडेकोट बंदोबस्त. तो पोशाख कोठे फाटला की सारीच तजवीज फसे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर, जे युद्धकाळात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कार्यात गुंतलेले होते, त्यांनी कोरडे राहण्याचा हा हट्टच सोडून दिला. वस्त्राच्या धाग्यांत वायू कोंडलेला असेल तर अंग भिजले तरी ऊब टिकेल, हा विचार त्यांनी जून १९५१ मध्ये आरमाराच्या कामाशी संबंधित लॉरिस्टन मार्शल ह्यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो. आणि तो वायू दाबाखाली निसटू नये म्हणून फेसाळ निओप्रीन वापरावे, ही सूचना अभियंते विलर्ड बॅस्कम ह्यांची. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० सालीच जन्मले होते.

अशा ओल्या पोशाखात, म्हणजे वेटसूटमध्ये, निओप्रीन व त्वचा ह्यांमध्ये शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने तापतो व तोच ऊब देतो, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे; परंतु खरे रक्षण करतात ते निओप्रीनमधले, परस्परांपासून विलग असे वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे. आपल्याकडे पावसात भिजलेली घोंगडीही धनगराला काहीशी ऊब देते, कारण लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहते. पोशाखातले पाणी स्थिर राहिले, वारंवार बदलले नाही, म्हणजे पुरे. म्हणूनच तो अंगाला घट्ट बसावा लागतो. बुडबुड्यांच्या ह्या आधाराला मर्यादाही आहे: १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसून जवळजवळ निम्मे होतात, आणि जेथे थंडी अधिक तेथेच पोशाख पातळ पडतो.

ह्या शोधाच्या पेटंटचा हक्क ब्रॅडनर ह्यांना कधी लाभला नाही. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटणारे जॅक ओ'नील आणि रेडोंडो बीच येथील बॉब व बिल माइस्ट्रेल हे जुळे बंधू ह्यांनी तो पोशाख लोकांपर्यंत पोहोचवला, आणि मूळ श्रेयाचे दावेही त्यांच्याच नावांवर जमा होत गेले. त्यांचे परिश्रम मी लहान लेखीत नाही: आरंभीचे उघडे निओप्रीन इतके चिकट व नाजूक असे की अंगावर टाल्कम पावडर चोपडूनच ते चढवावे लागे, आणि तरीही ते फाटे; पुढे त्याला नायलॉनचे अस्तर लाभले तेव्हा ही पीडा टळली. तथापि कल्पना कोणाची, ह्याचा निवाडा दप्तरानेच करावा लागतो. १९९८ साली स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या कॅरोलिन रेनी ह्यांनी जुना पत्रव्यवहार तपासून ते श्रेय ब्रॅडनर ह्यांच्या पदरी घातले, तेव्हा ऐंशी वर्षे ओलांडलेले ब्रॅडनर हयात होते.