बाष्पशीतन

बाष्पशीतन : पाणी हवेत विरून जाताना भोवतालची उष्णता शोषून घेते. या निसर्गधर्माचा उपयोग करून राहत्या घरातील, कारखान्यातील किंवा साठवणीच्या जागेतील हवा थंड व दमट करण्याच्या पद्धतीस बाष्पशीतन म्हणतात. माठातील पाण्याचे गार होणे, घामाने अंगाचा दाह शमणे, वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारी सुगंधी झुळूक आणि विदर्भात होळी आटोपताच खिडक्याखिडक्यांवर चढणारे कूलर ही सर्व या एकाच तत्त्वाची रूपे होत. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. बाष्पशीतनात उष्णता कोठेही नेली जात नाही, ती त्याच हवेत, परंतु रूप पालटून राहते, आणि या पद्धतीचे सर्व गुण व सर्व मर्यादा या एका गोष्टीपासून उद्भवतात.

तत्त्व : एक किलोग्रॅम पाण्याची ३०° से. तापमानास वाफ व्हावयाची तर त्यास सुमारे २,४३० किलोजूल उष्णता लागते. तेवढेच पाणी शून्य अंशापासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास जी उष्णता लागते तिच्या जवळजवळ सहापट ही उष्णता आहे. ती तापमापकावर उमटत नाही म्हणून तीस सुप्त उष्णता म्हणतात, आणि तिचे मापन प्रथम स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या काही वर्षांत केले. त्यापूर्वीच, १७५८ साली, केंब्रिज येथे बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी तापमापकाच्या फुग्यावर ईथर पुन्हा पुन्हा लावून व भात्याने वारा घालून पारा सुमारे १८° से. पासून उणे १४° से. पर्यंत उतरविला होता. भर उन्हाळ्यात माणसाला थंडीने गारठवून मारणे शक्य आहे असा निष्कर्ष फ्रँकलिन यांनी त्यावरून काढला.

पाण्याने हवा किती थंड होईल हे पाण्याच्या गारव्यावर जवळजवळ मुळीच अवलंबून नसते. हौदात बर्फाचे खडे टाकून अधिक गारवा मिळवू पाहणारे पुष्कळ असतात, पण बर्फ वितळून मिळणारी थंडी ही तेवढ्याच पाण्याच्या बाष्पीभवनाने मिळणाऱ्या थंडीच्या सातव्या हिश्शाइतकीही नसते. खरा निर्णय हवेच्या कोरडेपणावर होतो. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून त्यावरून वारा वाहू दिला असता पारा ज्या अंशावर येऊन स्थिरावतो त्यास ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि हवा कितीही वेळ पाण्याच्या सान्निध्यात ठेवली तरी या साध्या पद्धतीने ती त्या अंशाखाली नेता येत नाही. कोरड्या व ओल्या फुग्यांच्या तापमानांतील अंतर हेच बाष्पशीतनाचे भांडवल होय. चांगल्या बनावटीचा कूलर या अंतराचा सुमारे ८० टक्के भाग वसूल करतो.

हे भांडवल प्रदेशपरत्वे किती भिन्न असते हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४३° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान २५° से. च्या आसपास येते; दोहोंतील अंतर १८ अंशांचे, आणि कूलरमधून बाहेर पडणारी हवा सुमारे २८.५° से. ची. मुंबईत त्याच दिवशी ३३° से. व ६५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला फुगा २७.५° से. च्या सुमारास थांबतो, अंतर जेमतेम साडेपाच अंशांचे उरते, आणि कूलरची हवा पुन्हा सुमारे २८.५° से. चीच निघते. तापमापक दोन्ही ठिकाणी एकच आकडा दाखवितो. पण नागपूरच्या त्या हवेत आर्द्रता सत्तर-पंचाहत्तर टक्के असते, तर मुंबईच्या हवेत ती नव्वद टक्क्यांवर गेलेली असते, आणि अशा हवेत घाम वाळेनासा होऊन मनुष्य पंख्याखाली बसूनही चिकचिकीने हैराण होतो. नागपूरकर पाहुण्याने कूलरची थोरवी सांगावी आणि मुंबईकर यजमानाने मान हलवून अविश्वास दाखवावा, यात दोघांचेही खरे असते. नागपुरातसुद्धा हे सुख कायमचे नव्हे : जूनच्या उत्तरार्धात मोसमी वारे येऊन पोहोचले की हवेचा कोरडेपणा जातो, व कालपर्यंत घर गार ठेवणारे यंत्र आज केवळ ओलसर वाफारा सोडू लागते.

याच कारणास्तव कूलर चालू असताना खिडकी-दार लावून घेणे ही त्याच्या वापरातील सर्वांत सामान्य चूक होय. बंद खोलीत तीच हवा पुन्हा पुन्हा पाण्यातून फिरत राहते, थोड्याच वेळात ती जवळजवळ संपृक्त होते, आणि त्यापुढे बाष्पीभवन मंदावून गारवा थांबतो. बाहेरची कोरडी हवा एका बाजूने आत यावी व थंडावा देऊन झाल्यावर दुसऱ्या बाजूने निघून जावी, अशी तजवीज हवी. कूलर खोलीच्या आत न ठेवता खिडकीबाहेर टांगण्याची विदर्भातील रीत या दृष्टीने पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे.

इतिहास : कोरड्या व उष्ण मुलखांत ही विद्या फार जुनी आहे. इराणमधील यझ्द शहरातील घरांवर बादगीर नावाचे वातमनोरे असतात. उंचावरचा वारा ते खाली ओढून घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो तळघरातील हौदावरून किंवा कनात या भूमिगत कालव्याच्या पाण्यावरून नेऊन मग घरात सोडतात. तेथील दौलताबाद बागेतील बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे.

भारतात या कामी वाळ्याच्या मुळ्यांस मान मिळाला. वाळा हे मूळचे भारतीय तृण. त्याच्या मुळ्या दाट, तंतुमय व सुगंधी असून पाणी धरून ठेवण्याचा व वारा अडवून न धरण्याचा असा दुहेरी गुण त्यांच्या ठिकाणी आहे. अबुल फझल याने ‘आइन-इ-अकबरी’त वाळ्याने मढविलेल्या बांबूच्या घरांचा उल्लेख करून, अकबराच्या आज्ञेने त्यांचा प्रसार झाल्याचे व त्यांवर पाणी शिंपडताच उन्हाळ्यात हिवाळा अवतरत असल्याचे लिहिले आहे. त्याच ग्रंथात बादशाही आबदारखान्यात पिण्याचे पाणी सोऱ्याच्या साहाय्याने गार करण्याची रीतही दिली आहे, पण तेथील गारवा क्षार पाण्यात विरघळल्याने येतो. बाष्पीभवनाशी त्याचा संबंध नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली घालण्याची जी प्रथा काही लेखकांत दिसते ती टाळलेली बरी. औरंगजेबाच्या काळात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए याने श्रीमंतांच्या वाड्यांतील खसखान्यांचे वर्णन केले आहे : बागेत हौदाजवळ ही वाळ्याची छोटी घरे उभारीत, म्हणजे नोकरांस त्यांवर बाहेरून पाणी मारणे सोयीचे जाई.

इंग्रजी अंमलात खसखान्याचा वैभवशाली थाट ओसरला, तरी वाळ्याची ताटी, म्हणजे ओला पडदा, मात्र कचेऱ्यांतून, बंगल्यांतून आणि रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यांतून सर्वत्र पसरली. सरकारी दप्तरात उन्हाळी खर्चाचे स्वतंत्र सदर असे; वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारणारे भिस्ती आणि पंख्याची दोरी ओढणारे मजूर यांची तरतूद त्यात होई. साहेबाच्या दिवाणखान्यातील गारव्यासाठी एक मनुष्य दुपारभर उन्हात पखाल घेऊन उभा असे, ही गोष्ट या तंत्राच्या इतिहासातून वगळता येत नाही. ताटीला वाऱ्याची वाट पाहावी लागे; पश्चिमेचा वारा पडला की ती निरुपयोगी होई. हा दोष दूर करण्यासाठी १८३० च्या सुमारास थर्मँटिडोट नावाचे यंत्र प्रचारात आले. खिडकीत बसविलेली मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना ओल्या ताट्या, आत हाताने फिरवावयाचा चक्राकार पंखा, असे त्याचे स्वरूप होते. मजुराच्या जागी विजेची मोटर आणि भिस्तीच्या जागी छोटा पंप कल्पिला की आजचा कूलर तयार होतो.

तो तसा तयार झाला मात्र अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात. तेथील वाळवंटी शहरांत लोक उन्हाळ्याच्या रात्री ओसरीवर ओल्या चादरी टांगून झोपत. १९३० नंतरच्या दशकात लाकडी तंतूंच्या गाद्या, पाण्याची नळी आणि विजेचा पंखा यांची जोड घालून घरोघरी कूलर बनविले जाऊ लागले, ॲरिझोना विद्यापीठातील थॉर्नबर्ग यांनी १९३९ साली त्यांच्या रचनेसंबंधी मार्गदर्शक पुस्तिका काढली, आणि कारखान्यांतूनही ते निघू लागले. त्या प्रदेशातही जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी पावसाळी हवा येते आणि त्या दिवसांत कूलर तेथेही हात टेकतो.

रचना व खर्च : घरगुती कूलरच्या तीन बाजूंस ताट्या असतात, तळाच्या हौदातील पाणी पंप वर चढवितो, ते ताट्यांतून झिरपत खाली येते, आणि पंखा त्यांतून बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो. ताट्यांत वाळा क्वचितच असतो. बहुधा लाकडाचे केसासारखे बारीक तंतू भरलेले असतात. अलीकडे राळेने कडक केलेल्या नालीदार कागदाच्या, मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या गाद्या आल्या आहेत. त्या महाग असल्या तरी अधिक काळ टिकतात व अधिक कार्यक्षम असतात.

मोठ्या घरगुती कूलरमधून तासाला ३,००० घनमीटर हवा जाते असे धरले, तर वर दिलेल्या नागपूरच्या परिस्थितीत तासाला सुमारे २० लिटर पाणी उडून जाते. त्या पाण्याने शोषलेली उष्णता साडेतेरा किलोवॅट क्षमतेच्या बरोबरीची होते, आणि तिच्यासाठी पंखा व पंप मिळून दोन-अडीचशे वॅट वीज पुरते. हा आकडा विक्रेत्यांच्या मोठा आवडीचा असला तरी तो जसाच्या तसा घेऊ नये, कारण यातील बहुतेक थंडी बाहेरच्या ४३ अंशी हवेला सुसह्य करण्यातच खर्ची पडते व भिंती, छप्पर आणि माणसे यांची उष्णता निवारण्यास तिचा लहानसा अंश उरतो. शिवाय विजेची बचत पाण्याच्या रूपाने फेडावी लागते. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे रोज दीडदोनशे लिटर पाणी हवेत सोडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आर्द्रीकरण : थंडाव्यापेक्षा ओलावाच मुख्य हेतू असतो असे या तंत्राचे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र म्हणजे सुती कापडाच्या गिरण्या. कापसाचा तंतू ओलाव्याने दुर्बळ न होता अधिक बळकट होतो. कोरड्या हवेत मात्र तो ठिसूळ बनतो, घर्षणाने स्थिर विद्युत् उत्पन्न होऊन तंतू विस्कटतात, आणि सूत वारंवार तुटते. लँकेशर आणि मुंबई येथे गिरण्यांची भरभराट होण्यास तेथील स्वाभाविक दमट हवाही अनुकूल ठरली. जमशेटजी टाटा यांनी कापूस पिकणाऱ्या मुलखातच गिरणी काढण्याच्या हेतूने नागपूर निवडले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पण तेथील उन्हाळी हवा सुताची वैरीण होती, म्हणून पुढे त्या गिरणीत हवा दमट राखणारी यंत्रे बसविण्यात आली. ओलावा सुताला मानवतो तितका कामगाराला मानवत नाही. लँकेशरच्या माग-खात्यांत वाफ सोडून हवा इतकी कोंदट करीत की अखेर १८८९ साली ब्रिटिश संसदेस कायदा करून आर्द्रतेवर मर्यादा घालावी लागली.

अप्रत्यक्ष बाष्पशीतन : हवा थंड व्हावी पण दमट होऊ नये अशी इच्छा असल्यास दोन प्रवाह वेगळे ठेवतात. पातळ पत्र्याच्या एका बाजूने ओली हवा व दुसऱ्या बाजूने खोलीत जाणारी हवा वाहते. उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते, ओलावा जात नाही. ही यंत्रे कार्यालये व कारखाने यांतून वाढू लागली आहेत, परंतु ओली बाजू ज्या हवेवर चालते तीच दमट असेल तर त्यांचाही निरुपाय होतो.

शेतीतील उपयोग : गुलाब-जरबेराच्या हरितगृहांत व कुक्कुटपालनाच्या बंदिस्त शेडांत एका भिंतीस ओल्या गाद्या व समोरच्या भिंतीस ओढणारे पंखे बसवितात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याहून साधा आहे : विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वर वाळा किंवा गवताचे झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्याहून दहा-पंधरा अंशांनी कमी व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. पालेभाज्या व फळे त्यात काही दिवस ताजी राहतात.

दक्षता : पाणी उडून जाते पण त्यातील क्षार मागे राहतात. विदर्भातील विहिरी-बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर पांढरा थर साचून हवा अडते, सबब हौदातील पाणी वेळोवेळी पूर्ण काढून टाकावे आणि ताट्या दरसाल बदलाव्यात. लोखंडी पत्र्याची पेटी, पाणी व वीज यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. भूयोजन नीट नसलेल्या कूलरला ओल्या हाताने स्पर्श झाल्याने, विशेषतः मुले, दगावण्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात, म्हणून पाणी भरण्यापूर्वी वीज बंद करणे अनिवार्य समजावे. हौदातील स्थिर पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस जातीचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा हौद कोरडा करावा असे आरोग्यखात्याचे सांगणे असते, पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही : ही अंडी पाण्याच्या रेषेवरील ओलसर पत्र्याला चिकटून असतात व कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे पावसाळ्यात कूलर उतरवून माळ्यावर टाकताना हौदाच्या आतील बाजू घासून पुसून घ्यावी लागते.