लघुप्रतिकृती (चित्रपट)

लघुप्रतिकृती म्हणजे एखाद्या वास्तूची, वाहनाची वा यंत्राची ठरावीक प्रमाणात लहान करून घडविलेली आणि चित्रीकरणात मूळ वस्तू म्हणून वापरलेली प्रतिकृती. मूळ वस्तू उभी करणे अशक्य, धोक्याचे किंवा फार खर्चाचे असते तेव्हा हे तंत्र वापरतात. संगणकीय चित्रणाचा प्रसार होण्यापूर्वी विज्ञानपटांतील अंतराळयाने मुख्यतः अशा प्रतिकृतींच्या रूपानेच पडद्यावर आली. त्यांतील काही लाकडात घडविलेल्या आणि आतून दिव्यांनी उजळलेल्या होत्या.

== पार्श्वभूमी ==
युक्तिचित्रणाच्या आरंभीच्या इतिहासात जादूगारांचा वाटा मोठा आहे. १९०२ मध्ये चंद्रप्रवासावरील प्रसिद्ध मूकपट काढणारे फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस हे व्यवसायाने जादूगार होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनीही जादूविद्येचे शिक्षण घेतले होते आणि ‘केळफा’ या आपल्या आडनावाच्या उलट्या रूपाने ते जादूचे प्रयोग करीत.

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, वास्तुकला आणि प्रतिमानिर्मिती यांचे शिक्षण घेतले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी तयार केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी सुमारे वीस वर्षे ते प्रतिकृतिकार म्हणून गौरविले गेले होते.

१९१३ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय नाशिकला हलविला. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे त्यांचे चित्रपट युक्तिदृश्यांसाठी विशेष गाजले. ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून एकेक चौकट चित्रित केली आणि निर्जीव वस्तू हलत असल्याचा भास निर्माण केला.

== रचना ==
प्रथम प्रमाण निश्चित केले जाते. ४८ मीटर लांबीचे कल्पित यान १:४८ या प्रमाणात १ मीटर लांबीचे होते. प्रतिकृती मोठी असेल तितके बारकावे अधिक दाखविता येतात. मात्र तिचे वजन आणि खर्चही वाढतो.

सांगाड्यासाठी चांगले वाळलेले लाकूड किंवा प्लायवूड वापरतात, कारण ओलसर लाकूड पुढे आकसते व सांधे उघडतात. गोलाकार भाग लेथवर कातून घेतात. त्यानंतर पृष्ठभागावर लांबी भरून तो पॉलिश पेपरने घासतात आणि अस्तर देऊन रंगवितात. रंगाखालून लाकडाच्या रेषा उमटल्यास वस्तूचे खरे आकारमान प्रेक्षकाच्या लक्षात येते; म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते.

== प्रकाशयोजना ==
खिडक्यांतून येणारा प्रकाश प्रतिकृतीत वस्ती असल्याचा भास निर्माण करतो. पूर्वी यासाठी तंतूचे दिवे वापरीत. बंदिस्त लाकडी पोकळीत त्यांची उष्णता साचून रंग व सांधे खराब होण्याचा धोका असे. आता एलईडी दिव्यांमुळे तो पुष्कळ कमी झाला आहे.

एलईडीला विद्युत्‌रोधक जोडणे आवश्यक असते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ३ व्होल्टचा एक पांढरा एलईडी २० मिलिअँपिअर प्रवाहाने चालवायचा असल्यास उरलेल्या ६ व्होल्टला ०.०२ अँपिअरने भागून ३०० ओहम ही किंमत मिळते. सांध्यांतून प्रकाश झिरपू नये म्हणून पोकळी आतून अपारदर्शक रंगाने रंगवितात आणि खिडक्यांमागे दुधी प्लॅस्टिक लावतात.

== चित्रणाचा वेग ==
लहान वस्तू पडते तेव्हा किंवा जळते तेव्हा तिच्या हालचाली झटपट घडतात आणि ती खेळण्यासारखी दिसते. त्यामुळे अशी दृश्ये अधिक वेगाने चित्रित करून नेहमीच्या वेगाने दाखवितात. वेगातील ही वाढ प्रमाणाच्या वर्गमुळाइतकी ठेवण्याचा संकेत आहे. प्रतिकृती १:१६ प्रमाणाची असल्यास सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी घेतल्या जातात.

== एंटरप्राइझची प्रतिकृती ==
लाकडी आणि प्रकाशित प्रतिकृतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या अमेरिकन मालिकेतील एंटरप्राइझ हे यान. मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून १९६४ मध्ये प्रथम सुमारे ८४ सेंटिमीटरची लहान आणि नंतर सुमारे ३.४ मीटर लांबीची मोठी प्रतिकृती तयार झाली. मोठ्या प्रतिकृतीत पॉप्लर वृक्षाचे लाकूड, प्लॅस्टिक आणि धातूचा पत्रा यांचा उपयोग केलेला आहे. प्रारंभी तीत दिवे नव्हते; ते पुढे बसविले गेले. त्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढल्यामुळे यानाचे चित्रण उजव्या बाजूनेच केले जाई.

== जतन ==
चित्रीकरण संपले की प्रतिकृती निरुपयोगी ठरते, हा समज या कलेच्या इतिहासाला सर्वाधिक घातक ठरला आहे. एंटरप्राइझची मोठी प्रतिकृती १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आली. अनेक दुरुस्त्यांत तिचा बराचसा मूळ रंग झाकला गेला होता. पुढे क्ष-किरण तपासणी करून आणि वरच्या तबकडीवर शिल्लक राहिलेल्या मूळ रंगाचा आधार घेऊन तिचे पुनरुज्जीवन करण्यात आले. २०१६ मध्ये ती एलईडी दिव्यांसह पुन्हा प्रदर्शित झाली. लहान प्रतिकृती १९७० च्या दशकात उसनी दिली असता हरवली. ती २०२३ मध्ये एका ऑनलाइन लिलावात आढळली आणि २०२४ मध्ये मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत आली.

भारतात ही हानी अधिक मोठी आहे. फाळके यांचे बहुसंख्य मूकपट आज उपलब्ध नाहीत. ‘लंकादहन’चाही केवळ काही भाग शिल्लक आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये, म्हणजे फाळके यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी झाली. नाशिक येथे पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मात्र त्यांच्या युक्तिदृश्यांच्या अभ्यासासाठी उरलेल्या मोजक्या रिळांवरच प्रामुख्याने अवलंबून राहावे लागते.

== हेही पहा ==
* दादासाहेब फाळके
* लंकादहन (चित्रपट)
* मूकपट
* विज्ञानकथा